मैनेची डावी बाजू

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. आम्ही वाई तालुक्यातले. शेती आहे, चार म्हशी आहेत आणि मैना नावाची घोडी आहे. नऊ वर्षांची, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली, स्वभावाने गरीब. लेक नववीत आहे, ती रोज तिच्यावर बसते. लग्नसराईत मैना वरातीलाही जाते, तेवढेच चार पैसे सुटतात. यंदा पावसाळा सरता सरता तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. लेक म्हणाली, "बाबा, डोळ्यात पांढरा दोरा हलतोय." कचरा गेला असेल म्हणून घरात होते ते थेंब घातले. बघता बघता डोळा निळसर-पांढरा झाला. आता डॉक्टर म्हणतात, या डोळ्याची नजर गेली. पाणी अजूनही येतं. डावीकडून कुणी गेलं की घोडी उडते. परवा लेक पडता पडता वाचली. मेहुणे म्हणतात, बाजारात उजवी बाजू पुढे करून विकून टाका, सांगायची गरज नाही. शेजारी म्हणतात, झापडं लावा. आई म्हणते, एकाक्ष जनावर दारात नको. लेकीने बोलणंच टाकलंय. काय करू?
– एक बाप, वाई तालुका

उत्तर:

नमस्कार. मैनेला ठेवता येईल. लेकीला तिच्यावर पुन्हा बसताही येईल, पण लगेच नाही. वरात मात्र कायमची बंद करा. एवढं आधी सांगून टाकतो, कारण मला जास्त घाई आहे ती लेकीने पाहिलेल्या त्या दोऱ्याची.

पोरीची नजर पक्की होती. घोड्याच्या डोळ्यात पांढरा दोरा वळवळताना दिसला, तर आपल्याकडे तो बहुतेक वेळा जंत असतो. सेटारिया त्याचं नाव. हा मुळात गाई-म्हशींचा पाहुणा. त्यांच्या पोटाच्या पोकळीत राहतो आणि त्यांना फारसा त्रास देत नाही. त्याची सूक्ष्म पिल्लं म्हशीच्या रक्तात फिरतात, डास ते रक्त पितो आणि तोच डास पुढे घोड्याला चावतो. घोड्याच्या अंगात या जंताला आपलं घर सापडत नाही. मग तो भरकटतो आणि कधी कधी थेट डोळ्याच्या पुढच्या पाण्यात येऊन पोहत बसतो. तो तिथे असेपर्यंत डोळा सुजतो, उजेड सहन होत नाही, बुबुळावर निळसर ढग चढतो. वेळेत गाठलं तर डॉक्टर बुबुळाच्या कडेला बारीक छेद देतात, आतल्या पाण्याबरोबर जंत बाहेर येतो आणि पुष्कळदा नजर वाचते. मैनेच्या बाबतीत ती वेळ गेली. डॉक्टरांनी तपासून दुसरं काही कारण सांगितलं तर त्यांचं ऐका, पण दोऱ्याची गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. तुम्ही ती सांगितली होती की नाही, हे पत्रावरून कळत नाही.

आता हे सगळं उगाळायचं कारण. तुमच्या चार म्हशी अजून तिथेच आहेत, डासही आहेत आणि मैनेकडे आता एकच डोळा उरलाय. तो उजवा डोळा रोज सकाळी उजेडात नीट बघायचा. हे काम लेकीकडे द्या, तिला दिसतं. पाणी, चिपड, अर्धवट मिटलेली पापणी, उजेडाकडे तोंड फिरवणं, ढगाळपणा किंवा पुन्हा दोरा, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. सोमवारी बघू, बाजाराच्या दिवशी बघू असं चालणार नाही. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, शस्त्रक्रियेची वेळ आली तर तिथेच जा. मैनेचा निवारा म्हशींच्या गोठ्यापासून जमेल तितका लांब घ्या. संध्याकाळी धूर करा, मच्छरदाणीचं कापड लावा, आजूबाजूला पाणी साचू देऊ नका. जंताच्या औषधाचं डॉक्टरांना विचारा. ते कधी आणि किती द्यायचं, हे तेच ठरवतील.

दुसरी तपासणी मागच्या पायांची. हाच जंत मणक्यातल्या मज्जारज्जूत शिरला की घोड्याला कुमरी होते. मागचा भाग डोलतो, खुराचं पुढचं टोक जमिनीला घासतं, वळताना मागचे पाय एकमेकांत अडकतात. मैनेला सपाट जमिनीवर हळू चालवा, छोट्या गोलात दोन्हीकडे वळवा, चार पावलं मागे घ्या आणि मागून कुणाला तरी बघायला सांगा. नालबंदाला विचारा, मागच्या नालांची पुढची कड जास्त झिजलीय का. एका डोळ्याची घोडी सांभाळता येते. एका डोळ्याची आणि मागून लटपटणारी घोडी माझ्या लेकीखाली मी दिली नसती.

घरातले थेंब. ते कुठले होते, तुम्ही लिहिलेलं नाही. बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं काही असेल तर ती फेकून द्या. ही स्टेरॉइडं. डोळ्याच्या आतल्या सुजेवर ती उत्तम काम करतात, पण बुबुळावर जखम असेल तर तीच जखम झपाट्याने खोल करतात आणि एक-दोन दिवसांत डोळा हातचा जातो. जखम आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. डॉक्टर डोळ्यात एक रंग घालतात, जखम असेल तिथे तो हिरवा चमकतो. रंग घालून बघितल्याशिवाय स्टेरॉइड नाही, हा नियम उजव्या डोळ्यासाठी पाठ करून ठेवा. आणि मीठ चावून फुंकणं, तंबाखूचं पाणी, तुरटी, असले प्रकार करणारा कुणी जाणता दारात आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

डाव्या डोळ्यातून अजून पाणी येतं, याचा अर्थ तो बहुधा दुखतोय. नजर गेली म्हणून दुखणं गेलं असं होत नाही. पापणी ओढून घेते का, डोळा गुडघ्याला किंवा खांबाला घासते का, चंदी, म्हणजे खुराक, अर्धी टाकते का, बघा. घोडा दुखणं लपवण्यात पटाईत असतो. नजर येण्याची आशा नसेल आणि डोळा ठणकत असेल तर डॉक्टर तो काढायला सांगतील. घाबरू नका. गुंगीचं इंजेक्शन आणि डोळ्याभोवतीची जागा बधिर करून हे काम घोडा उभा असतानाही करता येतं. वरची कातडी शिवून टाकतात, केस उगवतात आणि ठणका गेला की जनावराचा स्वभाव पूर्ववत होतो. लेकीला आधी समजावून सांगा, नाही तर टाके बघून ती हबकेल. डोळा शांत असेल, आक्रसून बसला असेल आणि दुखत नसेल तर राहू द्या.

आता मैनेला काय दिसतं ते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. दोन्ही धड असतात तेव्हा त्याला भोवतालचं जवळजवळ 350 अंश दिसतं. शेपटीमागचा पट्टा आणि नाकाखालची थोडी जागा तेवढी सुटते. समोरचा साधारण 65 ते 80 अंशांचा भाग दोन्ही डोळे मिळून बघतात, आणि अंतराचा नेमका अंदाज तिथेच येतो. मैनेचं निम्म्याहून थोडं जास्त क्षेत्र शिल्लक आहे, कारण उजवा डोळा नाकाच्या पुढून थोडं डावीकडचंही बघतो. तेवढ्यासाठी ती चालताना मान जराशी डावीकडे वळवत असेल. हा अडेलपणा समजू नका. लगामाची वादी आवळून मान सरळ करायला गेलात तर तिचा समोरचा रस्ताच काढून घ्याल. काटेरी लगाम वापरत असाल तर तो आजच काढा.

गंमत अशी की आपली घोड्याभोवतीची सगळी रीत डाव्या बाजूची. डावीकडून जायचं, डावीकडून तंग कसायचा, डाव्या रिकिबीत पाय टाकायचा. मैनेच्या दृष्टीने आता या सगळ्या गोष्टी अंधारातून येतात. अंधारात पाठीमागून कुणी खांद्यावर हात ठेवला तर तुम्हीही दचकाल. म्हणून पहिला नियम: आधी आवाज, मग हात. दहा पावलांवरून "मैना" म्हणायचं, बोलत बोलत जवळ जायचं, हात आधी मानेवर ठेवायचा आणि तो न उचलता पाठीवरून मागे न्यायचा. खरारा करतानाही तसंच. एक हात कायम अंगाला टेकलेला. मागून डावीकडून कुणीही जायचं नाही, आई नाही, दूधवाला नाही. दुगाणी बसली तर त्यात घोडीचा दोष नसेल. शब्द ठरवून टाका आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा: थांब, हळू, वर पायरी, खाली उतार. तुम्ही "थांब" म्हणणार, लेक "हो हो" म्हणणार आणि गडी नुसतं चुचकारणार, असं असेल तर ती कुणाचंच ऐकणार नाही.

हाताने धरून नेताना उजवीकडे उभे राहा. यावर घोडेवाल्यांत दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, आंधळ्या बाजूला माणूस असला की जनावराला धीर येतो. मला ते पटत नाही. उजवीकडे काही दिसून घोडी बिचकली तर ती डावीकडे उडी मारणार, म्हणजे न दिसणाऱ्या माणसाच्या अंगावर.

पागेत फार खर्च नाही. डावीकडची भिंत हाताने चाचपून घ्या. खिळे, कडीचं टोक, तुटकी पत्र्याची कड, सगळं काढा. पाण्याची बादली आणि गव्हाण जिथे आहे तिथेच कायम राहू द्या. कडबा अख्खा घालू नका. त्याची धाटं टोकदार असतात आणि आता ती लागली तर उजव्याच डोळ्याला लागतील. कुट्टी करून खाली ठेवा. चरायला सोडायच्या जागेतली बाभळ आणि बोरीची काटेरी फांदी तिच्या डोक्याच्या उंचीपर्यंत छाटा. ओठांवरचे आणि डोळ्यांभोवतीचे लांब राठ केस सजावटीसाठी कापत असाल तर आजपासून बंद. चाचपडायला तिला तेच उपयोगी पडतात. घुंगरू बांधलेली एखादी शेळी सोबतीला ठेवता आली तर बघा. सोबतीण कुठे आहे हे मैनेला ऐकू येईल. उन्हातून अंधाऱ्या पागेत नेताना दारात क्षणभर थांबा. घोड्याची नजर उजेड-अंधार बदलायला आपल्यापेक्षा जास्त वेळ घेते, आणि मैनेकडे तर एकाच डोळ्याचा भरवसा.

झापडांचं शेजाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा. डाव्या डोळ्याला झापड लावून काही बदलत नाही आणि उजव्याला लावलंत तर उरलेली नजरही जाईल. माश्यांसाठी मिळणारी बारीक जाळी मात्र घ्या. तिच्यातून दिसतं आणि काटा, धूळ, माशी यांपासून डोळा वाचतो. ती रोज काढून धुवायची, तिच्याखाली काय चाललंय ते बघायचं.

बसण्याआधी जमिनीवरचं काम. लांब दोरावर मोठ्या गोलात, आधी उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडे वळताना ती नाराज असेल, कारण जिकडे जायचं ती बाजूच दिसत नाही. गोल मोठा ठेवा, चाल कदमाची ठेवा, दुडकी नंतर. ज्या वस्तूला ती बिचकते ती आधी उजव्या डोळ्याला दाखवा, हुंगू द्या, मग डावीकडे नेऊन तिचा आवाज ऐकवा. प्लॅस्टिकची पिशवी, सायकल, पाण्याचा पाइप, छत्री. घाई नको. नजर अचानक गेली की सरावायला काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि गरीब स्वभावाची जनावरं लवकर सावरतात. मैना गरीब आहे, असं तुम्हीच लिहिलंय.

लेक बसेल तेव्हा डोक्याला हेल्मेट, पायात टाचेचा बूट आणि बरोबर मोठं माणूस. तिची मांड पक्की असेल, पण आता तिला डाव्या पायाने बोलायला शिकावं लागेल. डावी पोटरी घोडीच्या अंगाला हलकी टेकलेली असू द्यायची, दाबायची नाही. त्या स्पर्शावरून मैनेला कळतं की डावीकडे कुणी आहे आणि ते आपलंच आहे. वळायच्या आधी शब्द, मग वादी. फाटकातून जाताना डावीकडे हातभर जास्त जागा सोडायची. मैना खांबाला घासली तर आधी पोरीचा गुडघा लागेल. दुसऱ्या घोड्याबरोबर फिरायला गेलात तर तो मैनेच्या डावीकडे चालवा.

रस्त्याच्या बाबतीत तुमचं नशीब थोडं बरं आहे. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे ओलांडून जाणाऱ्या गाड्या मैनेच्या दिसत्या बाजूने जातात. पण ट्रकला बिचकून ती डावीकडेच सरकणार, आणि तिथे गटार किंवा शेताचा बांध आहे हे तिला माहीत नसेल. म्हणून रस्त्याच्या अगदी कडेने चालवू नका, आणि खरं तर डांबरी रस्ताच टाळा. तुमच्याकडे पाणंद असेल, ओढ्याकाठचा सपाट माळ असेल, तो धरा. उतारावर वादी सैल सोडा. अंतराचा अंदाज तिला डोकं खालीवर करून घ्यावा लागतो, मान बांधलीत तर ती पायरीवर ठेचकाळेल. ओढ्याचं पाणी, पुलावरच्या फटी, झाडाची काळी सावली, इथे तिला उभं राहून बघू द्या. टाच मारू नका. संध्याकाळ झाली की घरी.

एका डोळ्याचा घोडा किती करू शकतो, याला मर्यादा कमी आहेत. इंग्लंडमधल्या हिकस्टेडची डर्बी ही घोड्यांच्या उड्यांची मोठी कठीण स्पर्धा. 2014 साली ती ॲडव्हेंचर द कानन या घोड्याने जिंकली, आणि आदल्याच वर्षी त्याचा एक डोळा काढला होता. अमेरिकेत पॅच नावाचा डावा डोळा नसलेला घोडा 2017 च्या केंटकी डर्बी या धावण्याच्या शर्यतीत उतरला, मागे पडला, आणि नंतर त्याच साली बेलमाँटच्या शर्यतीत तिसरा आला. हे लेकीला वाचून दाखवा. तिला मात्र हेही सांगा की त्या घोड्यांच्या मागे पगारी माणसांची फौज होती आणि त्यांच्या मैदानात भटकी कुत्री नव्हती.

वरात का नको, ते तुम्हालाही ठाऊक असणार. डावीकडे डीजे, पायाशी फटाके, चहूबाजूंनी नाचणारी माणसं, पाठीवर घोड्यावर आयुष्यात पहिल्यांदा बसलेला नवरदेव, आणि वरून कपाळावर मोत्यांची झालर, जी हलली की उरलेल्या डोळ्यापुढे येते. दोन डोळ्यांची घोडीसुद्धा तिथे कशीबशी उभी असते. शिवाय दुखण्यामुळे किंवा अपंगत्वामुळे कामाला लायक नसलेल्या जनावराला कामाला जुंपणं हा 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. उद्या काही झालं तर वधूपक्ष काय, वरपक्ष काय, सगळे तुमच्याकडेच बोट दाखवतील. पाचगणीच्या टेबल लँडवर पर्यटकांसाठी भाड्याने द्यावी असा विचार कुणाच्या डोक्यात येईल, त्यालाही हेच उत्तर. तिच्या डाव्या बाजूची सवय नसलेला माणूस तिच्या पाठीवर नको.

मेहुण्यांसाठी एक गमतीची गोष्ट. 1872 च्या भारतीय करार कायद्यात, गप्प बसणं म्हणजे फसवणूक का, हे समजवायला उदाहरण दिलंय ते नेमकं घोड्याचं. खोट माहीत असलेला घोडा लिलावात विकताना विकणारा काहीच बोलला नाही, तर ती फसवणूक नाही, असं कायदा म्हणतो. मेहुणे खूश होतील. पण पुढेच लिहिलंय: घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरतो," आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलल्यासारखंच. आणि आणखी एक उदाहरण: घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर खोट सांगणं हे बापाचं कर्तव्य. सारंगखेड्याला घोडा घेणारा माणूस डोळ्यासमोर हात फिरवल्याशिवाय पैसे मोजत नाही, हे मेहुण्यांनाही माहीत असेल. आणि समजा नाही फिरवला, तर मैना कुठल्या तरी अनोळखी माणसाखाली भर रस्त्यावर उडेल. विकायचीच वेळ आली तर घरी येऊन बघणाऱ्या, जाणत्या माणसाला, डोळा दाखवून, कमी पैशात द्या.

आईंशी वाद घालू नका. त्यांना एवढंच सांगा की पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांचा डावा डोळा लहानपणी देवीत गेला होता, आणि घोड्यांचं त्यांच्याइतकं वेड असलेला राजा शोधून सापडायचा नाही. रोज सकाळचा गुळाचा खडा आईंच्या हातून द्यायला लावा. आधी आवाज देऊन, उजवीकडून.

लेक गप्प आहे, कारण दोरा तिने पहिल्यांदा पाहिला आणि कुणी ऐकलं नाही. ते तिच्याशी तुम्ही बोला, त्यावर मी इथून काय सांगणार. डॉक्टरांकडे जाताना तिला बरोबर न्या, दोरा कधी आणि कसा दिसला ते तिलाच सांगू द्या. मागचे पाय तपासून डॉक्टर बसा म्हणेपर्यंत मैनेवर खोगीर ठेवू नका. ते काय म्हणाले ते कळवा, मग दोरावरून पाठीवर कधी यायचं ते ठरवू.